खेळाडूचं हृदय, वजन एकशे बहात्तर पौंड

४ जानेवारी, शनिवार

ख्रिसमसला मिळालेली वही आजपासून वापरायला काढली. नियम एकच: खरं तेच लिहायचं. लोकांना खरं सोसत नाही, म्हणून वही कुणाला दाखवायची नाही.

आज कर्लिंग क्लबात हरलो. दोष माझा नाही. मी स्किप, म्हणजे कप्तान. मी बर्फाच्या पट्टीच्या टोकाला, रिंगणात उभा राहून डोकं चालवतो. दगड सुटला की त्याच्या पुढे पुढे ब्रशने बर्फ घासत धावायचं काम लायल कांगासचं आणि माझ्या बायकोचं. घासलं की दगड लांब जातो, नाही घासलं की मध्येच बसतो. पोराटोरांना कळेल इतकी सोपी गोष्ट. आणि आज सहाव्या फेरीत आर्डिस थांबली. चक्क थांबली! ब्रशवर रेलून उभी राहिली आणि आमचा दगड रिंगणाच्या चार फूट अलीकडे मेला. मी इकडून बोंबलतोय, घास, घास, घास! आणि बाईसाहेब श्वास घेतायत.

नंतर विचारलं तर म्हणाली, दम लागला रे. म्हटलं, तू बावीस वर्षं घासतेयस तशी मीही बावीस वर्षं ओरडतोय. माझा घसा बसला का कधी?

यावर लायलची बायको बेव, आमची उपकप्तान, उगाच खोकली.

संकल्प: बावीस फेब्रुवारीच्या क्रीमरी कप स्पर्धेच्या आत संघाला शिस्त लावायची. बक्षीस चार हॅम, डुकराच्या अख्ख्या खारवलेल्या तंगड्या, आणि भिंतीवरच्या पाटीवर नाव. सोळा वर्षं त्या पाटीवर मेथडिस्ट चर्चच्या बायकांची नावं वाचतोय. डोळे दुखले.

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी

रात्रीतून नऊ इंच बर्फ. आर्डिसने कामावर जाण्याआधी गॅरेजपुढचा रस्ता फावड्याने मोकळा केला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात असते, तीनशे पोरांचं जेवण. मी खिडकीतून लक्ष ठेवून होतो. तीनदा थांबली. गेल्या वर्षी एकदाही नाही. कोपऱ्यातला ढीग राहिला होता म्हणून मी काच वाजवून दाखवला, तर तिने हात हलवला. त्या हातात प्रेम नव्हतं.

मीच फावडं उचललं असतं, पण माझी पाठ! अठ्ठावीस वर्षं काउंटीच्या बर्फगाड्यांच्या रेडिओवर बसलो, कुठली गाडी कुठल्या रस्त्यावर धाडायची ते मी सांगायचो. लोकांना वाटतं बर्फ ड्रायव्हर हटवतात.

११ जानेवारी, शनिवार

क्लबच्या पार्किंगमध्ये पांढरी व्हॅन. युनिव्हर्सिटीची माणसं गावोगाव फिरून निरोगी माणसांची हृदयं मोजतायत. कागदावर लिहिलं होतं की निरोगी हृदय केवढं असावं याचे जुने तक्ते थोड्याशाच लोकांवरून, एकाच छापाच्या, केलेले होते. पण उंच माणसाचं वेगळं, बुटक्याचं वेगळं, बाईचं वेगळं, म्हाताऱ्याचं वेगळं. म्हणून आता सगळ्या प्रकारची माणसं हवीत. इथले मूळचे ओजिब्वे हवेत, लाओसकडून आलेले हमोंग हवेत, टर्की कोंबड्यांच्या कारखान्यातले सोमाली हवेत, आणि आमच्यासारखे नॉर्वेजियन तर हवेतच.

म्हणजे इतकी वर्षं डॉक्टर लोक काय माशा मारत होते? मी व्हॅनमधल्या मुलीला सांगितलं, माझं मोजा, तेच नॉर्मल धरा आणि घरी जा. पेट्रोल वाचेल.

मुलीचं नाव पा निया शाँग. जेमतेम पाच फूट. म्हणाली, मिस्टर ह्यूसबी, तुमचं नॉर्मल मला लावलं तर मी आजारी ठरेन, आणि माझं तुम्हाला लावलं तर तुम्ही. मी म्हटलं, मला कसं लावाल, मी सहा फूट एक इंच आहे. ती माझ्याकडे खालून वर बघत राहिली.

आर्डिस क्लबच्या किचनमध्ये कॉफीवर होती, म्हणून दोघांचे फॉर्म मीच भरले. बाहेर उणे चोवीस. व्हॅनमधला वजनकाटा थंडीने बंद पडला होता, तेव्हा फॉर्मवरचे आकडे धरू म्हणाली. उत्तम. उंची सहा-एक. वजन एकशे बहात्तर. हे माझं खरं वजन. लग्नाच्या सूटला विचारा. मधल्या काळात जे चढलं ते तात्पुरतं आहे आणि तात्पुरत्या गोष्टी सरकारी कागदावर लिहीत नाहीत.

आर्डिसचं वजन? आता बायकोचं वजन कुणाला माहीत असतं? आधी एकशे चाळीस लिहिलं. मग विचार केला: बाई संथ झालीये. संथ कोण होतं? जड माणूस. खोडून एकशे साठ केलं. याला म्हणतात शास्त्रीय विचार. उंची पाच-सहा. माझ्या खांद्याला लागते, हीलचे बूट घातले तर.

मशीन मोबाइलएवढं. छातीला गार चिकट काहीतरी फासलं आणि दहा मिनिटांत काम संपलं. झडपा वगैरे यात दिसत नाहीत, फक्त माप आणि पंपिंग, असं ती म्हणाली. आर्डिस एप्रन बांधूनच आली, पडली, उठली, परत कॉफीवर गेली. तिचं झाल्यावर पा निया स्क्रीनकडे जरा जास्त वेळ बघत होती असं वाटलं. कामात संथ आहे पोरगी.

२४ जानेवारी, शुक्रवार

पत्रं आली!!

माझं पत्र जसंच्या तसं उतरवून ठेवतो. 'हृदयाचा डावा खालचा कप्पा शरीराच्या मानाने किंचित मोठा. पंपिंग उत्तम. अठरा फेब्रुवारीला क्लिनिकमध्ये पुन्हा माप घेण्यासाठी यावे.' सोबत एक माहितीपत्रक. त्यात तिसऱ्या पानावर: वर्षानुवर्षं कसून सराव करणाऱ्या खेळाडूंमध्ये हृदय मोठं होतं, आणि त्यांच्यासाठी ते नॉर्मलच असतं.

मी तीनदा वाचलं. मग टेबलाशी बसून राहिलो. खेळाडूचं हृदय! साठ वर्षं मी हे छातीत घेऊन फिरतोय आणि कुणाला पत्ता नाही.

आर्डिसचंही आलं. 'शरीराच्या मानाने नॉर्मल.' बस. एवढंच. दोन्ही पत्रं फ्रिजवर लावली, माझं वर. तिला म्हटलं, बघ, आता दम लागतो वगैरे सांगायचं नाही, तुझ्याकडे सरकारी सर्टिफिकेट आहे. तिने पत्र वाचलं. म्हणाली, बरं बाई, मग वयच झालं असेल. आणि खुर्ची ओढून बसली. भांडी तशीच.

२५ जानेवारी, शनिवार

जिंकलो. आमच्याकडे जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पहिली बिअर पाजायची असते. मी ग्लास वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि पत्र वाचून दाखवलं. पुनर्तपासणीचं वाक्य गाळलं, ते प्रशासकीय होतं.

लायल म्हणाला, अरे वेंडेल, तू बावीस वर्षं एका जागी उभा राहून बोंबलतोयस. तुझा घसा मोठा झाला म्हण, मी मानतो. हृदय कशाने मोठं होईल? टाळ्या पडल्या. या गावात विनोदाचा दर्जा हाच. मी शांतपणे सांगितलं की ताण. जबाबदारीचा ताण. दगड तुम्ही घासता, पण तो माझ्या हृदयातून जातो.

बेव म्हणाली, आर्डिस कुठेय? ती कोट ठेवायच्या खोलीत बाकावर बसली होती, बूट अर्धे काढलेले. म्हणे, दोन मिनिटं. बेव तिच्याजवळ बसून काहीबाही कुजबुजत होती. बायकांना कुजबुजायला जागा लागते.

२७ जानेवारी, सोमवार. पहाटे ५.३०

खेळाडूच्या हृदयाला खेळाडूचं आयुष्य द्यायला हवं. कार्यक्रम आखला:
रोज पहाटे तळ्याला स्कीवरून एक फेरी, सहा मैल.
बीटचा रस.
साखर बंद. क्लबातल्या रूबार्बच्या गोड वड्या धरून.

त्याच दिवशी, ७.१०

स्कीचे बूट पायात जात नाहीत. चामडं आकसतं, हे माहितीपत्रकात लिहायला हवं होतं. फेरी उद्यापासून.

नाडी मोजली. खेळाडूंची पन्नास-साठ असते म्हणे. माझी अठ्ठ्याऐंशी आली. घड्याळ जुनं आहे. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजली, ब्याण्णव. बुटाशी झटापट झाली होती ना. पंधरा सेकंद मोजून तिनाने गुणलं, छान सहासष्ट आली. तीच लिहून ठेवतो.

२८ जानेवारी, मंगळवार

बीटचा रस प्यायला. बाकीचा सिंकमध्ये.

२ फेब्रुवारी, रविवार

घरात नवीन अतिक्रमण. माझी रिक्लायनर. गेल्या आठवड्यात आर्डिसने उशाला दोन उशा घेतल्या, मग तीन, आणि आता बिछाना सोडून माझ्या रिक्लायनरमध्ये झोपते. बसल्या बसल्या! आडवं पडलं की छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटतं म्हणते. मी म्हटलं, एकतीस वर्षं माझ्या शेजारी आडवी झोपलीस, तेव्हा कुठे होतं पोतं? तर म्हणाली, शेजारीच घोरत होतं.

एरवी मीही हसलो असतो. पण ती खुर्ची माझ्या पाठीच्या मापाची झालेली आहे. तिच्यात ती हरवल्यासारखी दिसते. पाय जमिनीला टेकत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

लाज! मेथडिस्ट बायकांकडून नऊ-दोन. त्यांच्या कप्तानबाईच्या दोन्ही गुडघ्यांत धातू आहे.

आर्डिसने तिसऱ्या फेरीनंतर घासणं जवळजवळ सोडलंच. ब्रश बर्फावर ठेवायची आणि चालायची, कुत्रं फिरवायला निघाल्यासारखी. मी जागेवरून ओरडलो, तुला नॉर्मलचं पत्र मिळालंय, नॉर्मल माणसासारखी घास! तिने माझ्याकडे पाहिलं आणि खरोखर घासलं. खाली वाकून, दात आवळून, रिंगणापर्यंत. दगड बरोबर मध्यावर आला. मग ती गुडघ्यावर बसली. ओठ निळसर दिसत होते. हॉलमधले दिवेच तसे आहेत, मी समितीला दोनदा लिहिलंय.

बेव मला म्हणाली, वेंडेल, तू माणूस आहेस की कोण? मी म्हटलं, मी स्किप आहे.

क्रीमरी कप दोन आठवड्यांवर. भावनेला जागा नाही. आर्डिसला संघातून काढायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तोंडावर सांगणं बरं नाही, म्हणून चिठ्ठी लिहिली. 'प्रिय आर्डिस, बावीस वर्षांच्या सेवेबद्दल संघ तुझा आभारी आहे. नव्या रक्ताला वाव द्यावा म्हणून तुला विश्रांती देण्यात येत आहे. वें. ह्यूसबी, स्किप.' फ्रिजवर, लोहचुंबकाखाली.

संध्याकाळी बघतो तर चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलेलं: दूध, बटाटे, तुझ्या गोळ्या. खाली: नव्या रक्ताने आणावं.

दूध विसरलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. क्लिनिक

आजचं सगळं क्रमाने लिहायला हवं, नाहीतर लोक भलतंच सांगतील.

आर्डिसने रजा काढून गाडी चालवली, कारण मोठ्या हृदयाच्या माणसाने तपासणीच्या दिवशी गाडी चालवू नये असं माझं मत. वाटेत मी पा नियाला सांगायचं ते घोकत होतो. खेळाडूंच्या वेगळ्या तक्त्यात मला घालतील. कदाचित फोटो.

पा निया म्हणाली, या, आधी काट्यावर. हा काटा चालतो. मी म्हटलं, वजन तुमच्याकडे आहे की. ती म्हणाली, बूट काढा. कोट काढा. मिस्टर ह्यूसबी, किल्ल्यासुद्धा.

दोनशे एकतीस.

मी सांगितलं, सकाळी टेटर टॉट हॉटडिश, बटाटा-खिम्याचा भाजलेला ट्रे, झाला होता. ती म्हणाली, एकोणसाठ पौंडांचा? मग भिंतीला टेकवून उंची घेतली. पाच फूट अकरा. हाडं थंडीत आकसतात, हे शास्त्र आहे. ती टायपत राहिली.

मग मोठ्या मशीनवर पुन्हा माप. हृदय तेवढंच. एका थेंबाचा फरक नाही. फक्त आता ते दोनशे एकतीस पौंडांच्या माणसाचं होतं. पा नियाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाली, नॉर्मल. अगदी मधोमध. मोठ्या घराला मोठी भट्टी लागते ना, तेवढंच. तुम्ही कागदावर घर लहान केलंत, म्हणून भट्टी मोठी दिसली.

मी विचारलं, आणि खेळाडूचं हृदय? ती म्हणाली, कुठला खेळ खेळता? मी म्हटलं, कर्लिंग. स्किप. ती म्हणाली, अच्छा, ते उभं राहून ओरडतात ते? लायल तिच्याशीही बोललेला दिसतो.

मी शर्टाची बटणं लावत होतो. आर्डिस दारात उभी होती, माझा कोट, माझे बूट, माझ्या किल्ल्या हातात घेऊन. पा नियाने तिच्याकडे पाहिलं. मग स्क्रीनवर काहीतरी शोधलं. मग परत आर्डिसकडे.

म्हणाली, मिसेस ह्यूसबींचा फॉर्म कुणी भरला होता?

मी म्हटलं, मी. सोयीसाठी.

इथे एकशे साठ पौंड लिहिलंय, ती म्हणाली. आर्डिस हसली. म्हणाली, कुणाचं? मग पा नियाने माझा कोट तिच्या हातातून घेतला आणि खुर्चीवर टाकला. आर्डिस काट्यावर चढली.

एकशे बारा. उंची पाच फूट तीन.

पा नियाने आकडे टायपले. एकदा बेरीज करून बघितल्यासारखे परत टायपले. मग माझ्याशी बोलत होती तो आवाज राहिला नाही. म्हणाली, आर्डिस, इकडे झोपा बरं. आर्डिस म्हणाली, झोपता येत नाही हो, बसून चालेल का? पा निया दारातून बाहेर गेली ती जवळजवळ पळतच.

अपॉइंटमेंट माझी होती. हे मी कुणाला बोललो नाही, पण नियम म्हणजे 'खरं तेच', म्हणून लिहितो: त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल रिक्लायनर रिकामी होती. आर्डिसला तिकडेच ठेवून घेतलंय. खुर्चीत बसलो. जमलं नाही.

डॉक्टर बोल्यू म्हणून बाई आहेत, व्हाइट अर्थ वस्तीवरच्या ओजिब्वे, आवाज चढवत नाहीत. मोठ्या मशीनवर दिसलं ते त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं. एक झडप नीट मिटत नाही. पंप केलेलं रक्त परत मागे येतं, म्हणून हृदय तेच काम दोनदा करतं, आणि करून करून ताणलंय. लहानखुऱ्या बाईचं हृदय, मापाने आता मध्यम पुरुषाएवढं. म्हणून एकशे साठ पौंडांच्या बाईच्या खात्यात ते बिनबोभाट बसलं. झडप दुरुस्त करता येईल. पण आणखी वर्षभर गेलं असतं तर, म्हणाल्या, आणि फाइल मिटली.

मी विचारलं, पण पत्रात नॉर्मल लिहिलं होतं ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, हो, तुम्ही लिहिलेल्या बाईसाठी.

मग त्यांनी आर्डिसला विचारलं, कधीपासून त्रास होतोय? आर्डिस म्हणाली, काही तसं नाही, जरा दम लागायचा. आमच्याकडची माणसं गाडीखाली सापडली तरी 'जरा लागलं' म्हणतात. डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमच्या काही लक्षात आलं होतं? मी म्हटलं, आलं होतं तर! सगळं तारीखवार लिहून ठेवलंय. त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, उद्या घेऊन या, फार उपयोग होईल.

म्हणून आत्ता वही काढून वाचली. चार जानेवारी: थांबली. सात: फावड्यावर तीनदा. दोन फेब्रुवारी: उशा. आठ: ओठ.

सगळं आहे. एकही गोष्ट सुटलेली नाही. मला सगळं दिसत होतं.

ही वही नेता येणार नाही. तारखा वेगळ्या कागदावर उतरवून काढल्या. नुसत्या तारखा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

क्रीमरी कप. आमचं नाव लायलने काढून घेतलं, मला न विचारता. मी विचारलं नाही का ते.

आर्डिस घरी आलीये, गोळ्यांनी पायांची सूज उतरलीये. अकरा मार्चला मोठ्या शहरात ऑपरेशन. दुपारपासून दार वाजतंय. हॉटडिश, हॉटडिश, सूप, हॉटडिश. सगळ्यांना आर्डिस कशी आहे ते हवंय. माझ्या हृदयाबद्दल एकाने विचारलं नाही.

पाच वाजता मेथडिस्ट कप्तानबाई आल्या, धातूचे गुडघे घेऊन बर्फातून. त्याच जिंकल्या. जिंकलेल्या चार हॅमपैकी एक आर्डिसच्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, त्या दिवशीचा तुझा तो दगड, गं, बावीस वर्षांत असा दगड पाहिला नाही. आर्डिस म्हणाली, स्किपने सांगितलं, मी घासलं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी हॅम फ्रिजमध्ये ठेवायला गेलो. फ्रिजवर दोन्ही पत्रं तशीच होती. दोन्ही काढली.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०. हॉस्पिटल

फॉर्म दिलाय. पेशंटचं नाव, जन्मतारीख, उंची, वजन. पेन हातात घेऊन मी थांबलो. मग वेटिंग रूम ओलांडून आर्डिसकडे गेलो आणि विचारलं, तुझं वजन किती गं? ती म्हणाली, एकशे नऊ. बघ, विचारलं की सांगते मी.

मग म्हणाली, भीती वाटतेय रे वेंडेल. मी म्हटलं, मलाही. एकतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन, आणि तेही फॉर्म हातात धरून. ती म्हणाली, तू कशाला घाबरतोस, तुझं तर नॉर्मल आहे, अगदी मधोमध.

तिला आत नेलं. तिचे बूट माझ्याकडे आहेत. नंबर साडेपाच. हेही माहीत नव्हतं.

त्याच दिवशी, २.१५

झडप मिटते. डॉक्टर म्हणाले, नीट मिटते.

नाडी मोजली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

बरेच महिने वही हातात घेतली नव्हती. लिहिण्यासारखं विशेष नव्हतं. फावडं, भांडी, बटाटे. वजन दोनशे चोवीस, चालणाऱ्या काट्यावर.

आज नवा मोसम सुरू झाला. डॉक्टर बोल्यूंनी आर्डिसला परवानगी दिली: दगड हळू सोडायला हरकत नाही, उभं राहून ओरडायला तर अजिबात नाही, पण हातात ब्रश या वर्षी दिसता कामा नये. बेव लगेच म्हणाली, मग प्रश्नच मिटला, उभं राहून ओरडण्याची जागा आपल्याकडे आहेच. मी म्हटलं, ती भरलेली आहे. लायल म्हणाला, मतदान घेऊ. तीन विरुद्ध एक. मी अनुभवाचा मुद्दा मांडला. आर्डिस म्हणाली, बावीस वर्षं ऐकतेय रे, पाठ झालंय.

म्हणजे आता ती स्किप, आणि घासायला लायल आणि मी.

पहिल्या फेरीत मी दोन दगड घासले. दुसऱ्या फेरीत लायलच्या दगडाच्या अर्ध्या वाटेत पाय शिशाचे झाले, छातीत भाता, तोंडात लोखंडाची चव. थांबलो. ब्रशवर रेललो. बर्फ आज जड होता. दगड चार फूट अलीकडे मेला.

समोर पट्टीच्या टोकाला आर्डिस लाल टोपीत, हातभर उंचीची. मला वाटलं, आता ऐकवणार. बावीस वर्षांचं सगळं व्याजासकट. मी ऐकायची तयारी करून उभा होतो.

तिने हात वर केला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, वेंडेल, बरा आहेस ना? बस जरा!

आणि खेळ थांबवला. सगळे थांबले, मेथडिस्ट बायकासुद्धा. मी बाकावर बसलो, सहा फूट एक इंचाचा माणूस, आणि कुणीतरी पाणी आणून दिलं. एका सामन्यात घासणाऱ्याच्या वाट्याला अठ्ठेचाळीस दगड येतात. माझे झाले होते अडीच.

हरलो, सात-पाच. हरणाऱ्याला बिअर फुकट असते, तरी ग्लास नीट धरता येईना. लायल म्हणाला, काय खेळाडू? मी म्हटलं, बर्फ जड होता. आर्डिस म्हणाली, हो, मलाही नेहमी तसाच लागायचा.

घरी आल्यावर ती जरा पडते म्हणाली आणि आत जाऊन बिछान्यावर आडवी झाली. एक उशी. दार उघडं आहे, तिचा श्वास इथे ऐकू येतोय, सरळ. मला मात्र पाठ टेकवत नाही आणि खांदे वर होत नाहीत. म्हणून रिक्लायनरमध्ये बसून लिहितोय. खुर्ची तिच्या मापाची झालीये, मला आता कुठेतरी टोचते.